काठी नसताना आर्निस

प्रश्न: मी आर्निस, म्हणजे फिलिपिन्सची काठीने लढण्याची कला, शिकते आहे. रस्त्यावर वेताची काठी कुठली? छत्री चालेल का?

उत्तर: लांब दांड्याची चालेल, तीन घड्यांची पहिल्याच फटक्यात वाकते. मात्र सरावाची एक सवय मोडा. वर्गात 28 इंची काठी जोडीदाराच्या काठीवर आपटते, खऱ्या प्रसंगी नेम समोरच्याच्या हातावर हवा, म्हणजे बोटं किंवा मनगट. छत्री खालच्या टोकापासून चार बोटं वर धरा. सरळ मागे हटलात तर तो अंगावर येतो. 45 अंशांत बाजूला पाऊल टाकत मारा आणि छत्री लगेच मागे खेचा, नाहीतर तो ती धरतोच. सुरा दिसला तर आधी पळा. हिसकावण्याचे डाव वर्गात जमतात, कारण तिथे वार एकच येतो आणि हात क्षणभर थांबतो.