ड्रिल बिटसाठी धारयंत्र घ्यावे का?

प्रश्न : घरच्या वर्कशॉपसाठी ड्रिल बिटला धार लावणारे यंत्र घेणे परवडेल का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आपले काम मुख्यतः लाकडाचे व भिंतीचे असल्यास घेऊ नये, ३ मिलिमीटरखालचा बिट नवा आणणेच स्वस्त पडते आणि भिंतीच्या बिटचे कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे टोक ग्राइंडरच्या नेहमीच्या करड्या चाकावर नीट घासले जात नाही. लोखंडात हायस्पीड स्टीलचे (धातू कापणाऱ्या हत्यारांच्या कठीण पोलादाचे) मोठे बिट सतत चालत असतील, तर गोष्ट वेगळी. कारण हाताने धार लावताना टोकाचा नेहमीचा ११८ अंशांचा कोन साधला, तरी दोन्ही धारा समान लांबीच्या नसल्यास छिद्र मापापेक्षा मोठे पडते. तरीही, घरी बेंच ग्राइंडर असेल, तर आधी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या जाणत्या टर्नरकडून (लेथ चालवणाऱ्या कारागिराकडून) शिकून घ्यावे, असे माझे मत आहे. दोन्ही खाचांतून सारखाच कुरळा कीस बाहेर येऊ लागला, की यंत्राची गरज उरत नाही.