आजीची जुनी हिऱ्याची अंगठी मोडून लॅबमध्ये तयार झालेला मोठा हिरा घ्यावा का?

तुमचा प्रश्न वाचताना मी एका शब्दापाशी थांबलो. अंगठी आजीकडे तिच्या सासूकडून आली, हिरा जरा पिवळसर आहे आणि वरून पाहिलं की बरोबर मधोमध एक गोल "छिद्र" दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की हिऱ्याला भोक आहे, म्हणजे तो सदोष आहे, मोडून टाका आणि त्याच पैशात लॅबमधला मोठा, पांढराशुभ्र हिरा घ्या. मी बरीच वर्षं दागिन्यांच्या दुरुस्तीचं आणि खडे बसवण्याचं काम करतो. अंगठी हातात न घेता ठाम सांगता येणार नाही, पण ते बहुतेक भोक नाहीच.

आजच्या हिऱ्याचं खालचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं. जुने कारागीर ते टोक मुद्दाम थोडं घासून तिथे एक बारीक सपाट पैलू पाडायचे. त्याला क्युलेट म्हणतात. वरून सरळ खाली पाहिलं की त्या छोट्या खिडकीतून प्रकाश खाली निघून जातो, परत डोळ्याकडे येत नाही, म्हणून तिथे काळसर ठिपका दिसतो. ते टोक घासण्यामागे शहाणपण होतं. हिरा सर्वांत कठीण पदार्थ असला तरी चार ठरावीक दिशांनी तो लाकडासारखा उभा फुटू शकतो. नेमका घाव बसला तर टोकाची कपची उडते. बोथट केलेलं टोक ते टाळतं.

हे तुम्हाला स्वतःला तपासता येईल. १० पटीचं भिंग घ्या आणि अंगठी उलटी करून खालून हिऱ्याकडे पहा. सगळे पैलू जिथे एकत्र येतात तिथे आरशासारखा गुळगुळीत, कडा स्पष्ट असलेला एक इवलासा सपाट तुकडा दिसला, तर तुमचं "छिद्र" सापडलं. मग अंगठी डोळ्यासमोर आडवी धरा. हिऱ्याचा वरचा भाग उंच आहे का? वरचा सपाट पैलू, म्हणजे टेबल, लहान आहे का? तसं असेल तर हा हिरा जुन्या पद्धतीने पैलू पाडलेला आहे. घडण गोल असेल तर ओल्ड युरोपियन कट, उशीसारखी चौकोनी असेल तर ओल्ड माइन कट.

मार्सेल तोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गोल हिऱ्याच्या कोनांचं गणित मांडलं. आजचे बहुतेक गोल हिरे त्याच दिशेने घडवले जातात, तेही यंत्राने मोजून. त्याआधी कारागीर हातातल्या कच्च्या खड्याकडे बघून, वजन शक्य तितकं वाचवत, डोळ्याने कोन ठरवायचा. म्हणून दोन जुने हिरे कधीच अगदी सारखे नसतात. नवा हिरा पांढऱ्या दिव्याखाली बारीक कणांसारखा लखलखतो, आणि तिथे तुमचा हिरा फिका पडेल हे मी कबूल करतो. पण संध्याकाळी एखाद्या पिवळ्या दिव्याजवळ हात हळूहळू फिरवून पहा. जुन्या कटमधून मोठे, रुंद, रंगीत झोत निघतात, एक विझतो तोवर दुसरा उजळतो. मी हजारो हिरे पाहिले असतील, तरी ते दिसलं की अजूनही हातातलं काम थांबतं.

आता पिवळसरपणा. त्यावर मत बनवण्याआधी अंगठी धुवा. हिऱ्याला तेलकटपणा फार पटकन चिकटतो, इतका की खाणींमध्ये खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेली टेबलं वापरली जायची. वर्षानुवर्षं घातलेल्या अंगठीत हिऱ्याच्या पोटाखाली साबण, क्रीम आणि धूळ यांचा थर बसतो आणि खडा मेलेला दिसतो. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, बस. मात्र आधी खड्याची मागची बाजू पहा. ती धातूने पूर्ण बंद असेल तर पाण्यात घालू नका. जुन्या बंद बैठकीत खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा ठेवलेला असतो, तो एकदा ओला झाला की काळवंडतो आणि पूर्ववत होत नाही.

धुतल्यावरही पिवळी झाक राहिली, तर ती हिऱ्याची स्वतःची. ती येते नायट्रोजनमुळे. जमिनीखाली, प्रचंड उष्णतेत, लाखो-कोट्यवधी वर्षांत नायट्रोजनचे सुटे अणू सरकत सरकत गट करतात, आणि अशा हिऱ्यांना एक विशिष्ट पिवळसर छटा येऊ शकते. दक्षिण आफ्रिकेत १८६० च्या दशकात हिरे सापडले, तिथून असे पुष्कळ खडे बाजारात आले, म्हणून या छटेला व्यापारात अजूनही "केप" म्हणतात. नैसर्गिक हिऱ्यांपैकी साधारण ९५ टक्के हिऱ्यांत नायट्रोजनचे असे गट असतात. लॅबमध्ये काही आठवड्यांत वाढलेल्या हिऱ्यात ते तसे तयार होत नाहीत. हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली यंत्रं पुष्कळदा नेमकं हेच शोधतात. म्हणजे ज्या पिवळेपणामुळे तुम्हाला अंगठी मोडावीशी वाटते, तोच बहुधा तो हिरा जमिनीतून आल्याचा पुरावा ठरेल.

बहुधा म्हणतो, कारण एक शंका आधी फिटली पाहिजे. अंगठी जुनी आहे म्हणून खडा जुना असेलच असं नाही. मधल्या काळात कोणी तो बदललेला असू शकतो, आणि मुळातच तिथे काच किंवा झिरकॉन असू शकतो. भिंगातून पैलूंच्या कडा पहा. इतकी वर्षं घातल्यावर काचेच्या आणि झिरकॉनच्या कडा गोलसर होतात, झिजतात. हिऱ्याच्या कडा धारदारच राहतात. वाफ सोडून बघणं, काचेवर ओरखडा काढणं असले प्रयोग करू नका. दुकानात पेनसारखं जे यंत्र खड्याला टेकवतात ते फक्त उष्णता किती वेगाने वाहते हे मोजतं. ते काच ओळखेल, पण मॉइसनाइटला, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका वेगळ्याच खड्याला, पुष्कळदा हिरा म्हणेल, आणि लॅबचा हिरा व खाणीतला हिरा यांतला फरक त्याला मुळीच कळत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. हा खर्च मात्र करा.

तुमचा दुसरा प्रश्न, लॅबचा हिरा खरा असतो का? हो, खरा असतो. तोही कार्बनच, स्फटिकाची रचना तीच, काठिण्य तेच, प्रकाश वाकवण्याची ताकद तीच. त्याला नकली म्हणणारे चुकतात. १६ डिसेंबर १९५४ रोजी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता वापरून हिरा तयार केला, दागिन्यात शोभतील असे खडे त्याच कंपनीने १९७० मध्ये बनवले. आज दोन वाटा आहेत. एकीत वितळलेल्या धातूतून कार्बन एका छोट्या बीज-हिऱ्यावर जमा होतो, दुसरीत मिथेन आणि हायड्रोजन वायूंच्या प्लाझ्मामधून, म्हणजे अतिशय तापून विद्युतभारित झालेल्या वायूतून, थरावर थर चढतो. पहिल्या प्रकारात कधी धातूचे कण आत अडकतात, आणि असा हिरा चक्क लोहचुंबकाकडे ओढला जाऊ शकतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून "नैसर्गिक" हा शब्द काढला, तो लॅबचा हिराही खरा हिराच असतो म्हणून.

पण खरा असणं वेगळं आणि पुन्हा मिळणं वेगळं. लॅबमधला हिरा उद्या पुन्हा वाढवता येतो, परवाही येतो, यंत्रं वाढली की अधिक स्वस्तात येतो. गेल्या काही वर्षांत त्याचे भाव जोरात पडले आणि विकायला गेलं तर फारच थोडं हाती येतं. हिऱ्यांची तपासणी करून श्रेणी देणाऱ्या जीआयए या अमेरिकी संस्थेने तर २०२५ मध्ये लॅबच्या हिऱ्यांना रंगाच्या आणि शुद्धतेच्या नेहमीच्या बारीक श्रेणी देणं बंद केलं, कारण ते जवळजवळ सगळे एका अरुंद पट्ट्यातच बसत होते. घालायला आवडतो म्हणून घ्या, अगदी आनंदाने घ्या. मोठा खडा हवा, खर्च कमी हवा, त्याला दुसरा उत्तम पर्याय नाही. फक्त त्यासाठी आजीचा हिरा मोडीत घालू नका. मोड घालताना तुमच्या जुन्या हिऱ्याला सहसा सर्वांत कमी भाव लावतात, "जुना कट, पिवळा, भोक" असं म्हणूनच. आणि तो एकदा गेला की तसाच दुसरा मागवता येत नाही.

कोणी तुम्हाला मधला मार्गही सुचवेल, की याच हिऱ्याला नव्याने पैलू पाडून घ्या. व्हिटल्सबाख नावाचा निळा हिरा, सतराव्या शतकापासून युरोपातल्या राजघराण्यांत फिरलेला, हिऱ्यांचे व्यापारी लॉरेन्स ग्राफ यांनी २००८ मध्ये लिलावात घेतला आणि पुन्हा पैलू पाडले. वजन ३५.५६ कॅरेटवरून ३१.०६ वर आलं. रंगाचा आणि शुद्धतेचा दर्जा वाढला, तरी शेकडो वर्षांच्या कारागिरीवर सहाण फिरवली म्हणून जाणकारांनी दुःख केलं ते आजतागायत. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. अंगठीतल्या लहानशा हिऱ्यातून असं घासून काय उरणार? मी माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला यापासून परावृत्त करतो.

धातूचं मात्र तसं नाही. सोनं झिजतं, वाकतं, पुन्हा घडवता येतं. तुम्हाला अंगठीची घडण आवडत नसेल तर हिरा तोच ठेवून बैठक नवी करा, त्यात काही चुकीचं नाही. सोनं पिवळं निवडा. पिवळ्या सोन्यात ती झाक विरून जाते, पांढऱ्या धातूत ती उठून दिसते. काही बदलायचं नसलं तरी हिऱ्याला धरून ठेवणाऱ्या नख्या तपासून घ्या. त्या वरून सपाट झाल्या असतील किंवा लोकरीच्या कपड्यात अडकत असतील तर आज ना उद्या हिरा पडेल. पडलेले हिरे शोधत आलेली माणसं मी फार पाहिली आहेत.

आणि काम कोणाकडेही द्या, एक गोष्ट आधी विचारा: डाग देताना, म्हणजे ज्योतीने सोनं जोडताना, हिरा बाहेर काढणार की जागेवरच ठेवणार? मी शिकाऊ असताना माझ्याकडे अशीच एक जुनी अंगठी माप वाढवायला आली होती. खडा काढला नाही, त्यावर बोरिक अ‍ॅसिडचा लेप लावायलाही विसरलो, आणि ज्योत लावली. हिरा कार्बन आहे, हवेत तापला तर तो पृष्ठभागावर जळतो. अंगठी निवली तेव्हा खड्यावर धुकं बसल्यासारखं दिसत होतं. मी पुसलं, पुन्हा पुसलं, ते जाईना. शेवटी वरचे पैलू पुन्हा घासून घ्यावे लागले, किंचित वजन गेलं. ज्या बाईंची अंगठी होती त्या मला काहीच बोलल्या नाहीत, फक्त बराच वेळ अंगठी बोटात फिरवत बसल्या. ती चूक मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून अंगठी देण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा, खालून क्युलेटचा जमला तर तोही. वजन तुमच्यासमोर करून पावतीवर लिहून घ्या. हिरा काढायचा असेल तर तिथेच बसून रहा. आणि कड्याची आतली बाजू भिंगाखाली नीट वाचा. तिथे कारागिराचा शिक्का, एखादं वर्ष किंवा कोणाची तरी आद्याक्षरं कोरलेली असू शकतात, मळाने बुजलेली. माप कमी-जास्त करताना कडं कुठेतरी कापावंच लागतं. अक्षरं सापडली तर कारागिराला बोट ठेवून दाखवा आणि कड्याला त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या बाजूने काप द्यायला सांगा.