वाचकांचे प्रश्न : पेशीला अन्नातून ऊर्जा कशी मिळते?

पेशीश्वसनाविषयी आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांत या विषयाचा गाभा असल्यामुळे त्यांची उत्तरे मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : साखर हवेत जाळली तर कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते आणि उष्णता बाहेर पडते. पेशीश्वसनाचे जे समीकरण मी वर्गात शिकवते, त्यातही डावीकडे आणि उजवीकडे हेच पदार्थ असतात. मग शरीरात अन्नाचे ज्वलन होते, असे म्हणण्यात चूक काय? (एक विज्ञान शिक्षिका)

उत्तर : केवळ सुरुवात आणि शेवट पाहिला तर आपले म्हणणे बरोबर आहे, आणि त्याला मोठी परंपराही आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गिनीपिगच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो आणि तेवढ्या वेळात तो किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे मोजून श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष काढला होता. १८० ग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले की सुमारे ६८६ किलोकॅलरी मुक्त ऊर्जा (म्हणजे कामी लावता येण्याजोगी ऊर्जा) उपलब्ध होते. मग ते ज्वालेत होवो की पेशीत, हा हिशेब बदलत नाही. बदलतो तो मार्ग, आणि सजीवांचा सगळा व्यवहार त्या मार्गावरच उभा आहे.

ज्वालेत ऑक्सिजन थेट साखरेशी संयोग पावतो आणि सगळी ऊर्जा एकदम उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पेशीत मात्र ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांची कधी गाठच पडत नाही. सहा कार्बनचा ग्लुकोजचा रेणू प्रथम पेशीद्रव्यात दहा टप्प्यांत तुटतो आणि त्यापासून तीन कार्बनचे पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. हे रेणू तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) शिरल्यावर प्रत्येकातील एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुटतो आणि उरलेला दोन कार्बनचा ॲसेटिल गट सहविकर-अ या साहाय्यक रेणूशी जोडला जाऊन क्रेब्ज चक्रात, म्हणजे फिरून सुरुवातीलाच येणाऱ्या अभिक्रियांच्या मालिकेत, प्रवेश करतो. हे चक्र जैवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून उलगडले. उडण्यासाठी सतत राबणाऱ्या या स्नायूंचे श्वसन फार वेगाने चालत असल्यामुळे त्यांनी वापरलेला ऑक्सिजन मोजणे सोपे जाते. स्नायूंच्या लगद्यात सायट्रिक आम्लासारखा एखादा पदार्थ अगदी थोडा मिसळला तरी ऑक्सिजनचा वापर त्या पदार्थाच्या स्वतःच्या ऑक्सिडीकरणाला लागेल त्याहून कितीतरी अधिक वाढत असे. याचा अर्थ तो पदार्थ खर्च होऊन संपत नव्हता, तर फिरून पुन्हा तयार होत होता.

या चक्रात उरलेले चार कार्बनही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. म्हणजे ग्लुकोजचे सहाही कार्बन निघून गेले, तरी हवेतल्या ऑक्सिजनचा प्रत्यक्ष सहभाग अजून झालेलाच नाही. आपण उच्छ्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातील ऑक्सिजन अन्नातला आणि पाण्यातला असतो, श्वासाबरोबर घेतलेला नव्हे. माझ्या मते वर्गात आवर्जून सांगावी अशी ही गोष्ट आहे, कारण नुसत्या समीकरणावरून नेमका उलटा समज होतो.

मग ऊर्जा गेली कोठे? ग्लुकोज तुटत असताना त्याच्याकडून २४ इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि ते एनएडी व एफएडी या वाहक रेणूंवर चढवले जातात. (आहारातील ब गटाची काही जीवनसत्त्वे लागतात ती याच कामासाठी : नायसिनपासून एनएडी आणि रायबोफ्लेविनपासून एफएडी तयार होते.) हे वाहक आपले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलात (पातळ आवरणात) बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीकडे सोपवतात. गच्चीवरून थेट खाली उडी टाकणे आणि जिन्याने एकेक पायरी उतरणे यांत जो फरक आहे, तोच ज्वलन आणि श्वसन यांत आहे : उंची तेवढीच, पण प्रत्येक पायरीवर सुटणारी थोडी थोडी ऊर्जा कामी लावता येते. साखळीच्या अगदी शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर (अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन) चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित आयन) ऑक्सिजनच्या एका रेणूला देऊन पाण्याचे दोन रेणू बनवते. शेवटच्या पायरीवर इलेक्ट्रॉन स्वीकारणे, एवढेच श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचे येथे काम असते. पण ते थांबले की मागची सगळी साखळी तुंबते. सायनाइड याच विकराला जखडून ठेवते, म्हणून सायनाइडच्या विषबाधेत रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी त्याचा वापर करू शकत नाहीत.

प्रश्न : ग्लुकोजच्या एका रेणूपासून किती एटीपी मिळतात? एका पुस्तकात ३८, दुसऱ्यात ३६, तर एका नव्या पुस्तकात ३० ते ३२ असे दिले आहे. (बारावीचा विद्यार्थी)

उत्तर : परीक्षेत नेमलेल्या पुस्तकातील आकडा लिहावा, मात्र आज ग्राह्य मानला जाणारा अंदाज सुमारे ३० ते ३२ हाच आहे, हे मनाशी पक्के असू द्यावे. आकडा का बदलला, हे समजून घेतले तर श्वसनाचा सर्वांत विलक्षण भाग हाती लागतो.

एटीपी हा तीन फॉस्फेट गटांची शेपटी असलेला रेणू आहे. शेवटचा फॉस्फेट गट सुटताना जी ऊर्जा मिळते, तिच्यावर स्नायूंचे आकुंचन, प्रथिनांची बांधणी आणि चेतापेशींतील आयनांची ने-आण अशी असंख्य कामे चालतात. फॉस्फेट गमावलेला रेणू म्हणजे एडीपी. त्याला पुन्हा फॉस्फेट जोडून एटीपी बनवत राहणे हे श्वसनाचे प्रयोजन. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा अगदी अल्प असतो, पण तोच पुन्हा पुन्हा वापरात येत असल्यामुळे दिवसभरात होणारी एकूण उलाढाल जवळपास माणसाच्या वजनाइतकी भरते.

पूर्वी असे मानले जात होते की, इलेक्ट्रॉन साखळीतून उतरत असताना ठरावीक ठिकाणी एखादे ऊर्जासंपन्न संयुग तयार होते आणि त्याच्याकडून एडीपीला फॉस्फेट मिळते. रासायनिक अभिक्रियेत अर्धा रेणू तयार होत नाही, त्यामुळे हिशेब पूर्णांकातच असणार, हे ओघाने आले : एनएडीच्या एका वाहकामागे ३ आणि एफएडीच्या वाहकामागे २ एटीपी. यातूनच ३८ आणि ३६ हे आकडे आले. अनेक प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे शोध घेऊनही ते संयुग सापडले नाही. १९६१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी मांडले की ते सापडत नाही, कारण ते नाहीच. साखळीतील प्रथिने मिळालेल्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलतात, आणि हे प्रोटॉन परत येऊ पाहतात तेव्हा त्यांच्या ओढीवर एटीपी तयार होते. हे पटल मीटरच्या काही अब्जांश भागांइतकेच जाड असते आणि त्याच्या दोन बाजूंमधील विद्युत विभवांतर साधारण ०.१५ व्होल्ट असते. आकडा लहान दिसला, तरी इतक्या पातळ पटलासाठी हा ताण प्रचंड आहे.

मिचेल यांची कल्पना अनेकांना बरीच वर्षे पटली नाही. तिच्या बाजूने झालेला १९७४ मधील रॅकर आणि स्टोकेनियस या शास्त्रज्ञांचा प्रयोग मला फार सुंदर वाटतो. त्यांनी मेदरेणूंची कृत्रिम पोकळ पुटिका तयार केली आणि तिच्या पटलात फक्त दोन प्रथिने बसवली : एक मिठागरासारख्या खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाचे, जे उजेड पडला की प्रोटॉन ढकलते; आणि दुसरे गाईबैलांच्या हृदयातील तंतुकणिकांमधून मिळवलेले एटीपी सिंथेज, म्हणजे एटीपी बनवणारे विकर. या दोघांचा निसर्गात कधीच संबंध येत नाही आणि पुटिकेत श्वसनाची साखळीही नव्हती. तरीही उजेड पडताच एटीपी तयार होऊ लागले. म्हणजे दोघांना जोडणारा दुवा प्रोटॉनच होते. मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एटीपी सिंथेज हे विकर अक्षरशः फिरते. प्रोटॉन वाहतात तसे पटलातील त्याचे कडे फिरते, कड्याला जोडलेला दांडा फिरतो आणि दांड्याच्या प्रत्येक फेरीत विकराच्या डोक्यातील तीन जागांवर मिळून तीन एटीपी तयार होतात. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी विकराचे डोके काचेवर घट्ट बसवले, दांड्याला चमकणारा एक प्रथिनतंतू जोडला आणि एटीपी पुरवताच तो तंतू गोल फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

आता हिशेबाकडे येऊ. एनएडीच्या एका वाहकामुळे सुमारे १० प्रोटॉन पलीकडे जातात, एफएडीच्या वाहकामुळे सुमारे ६. आणि एक एटीपी बनवून तंतुकणिकेबाहेर पोहोचवण्यासाठी साधारण ४ प्रोटॉन खर्ची पडतात. म्हणजे अनुक्रमे २.५ आणि १.५ एटीपी. तंतुकणिकेतील ८ एनएडीचे २०, दोन एफएडीचे ३, साखळीच्या मदतीविना थेट तयार होणारे ४, आणि पेशीद्रव्यातील २ एनएडीचे इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने आत येतात त्यानुसार ३ किंवा ५ : बेरीज ३० किंवा ३२. प्रत्यक्षात काही प्रोटॉन एटीपी न बनवताच पटलातून झिरपतात, त्यामुळे जिवंत पेशीतील आकडा याहूनही कमी असू शकतो.

प्रश्न : वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात, हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. वनस्पतींच्या पेशी दिवसरात्र श्वसन करतात. उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा वेग अधिक असल्यामुळे पानाबाहेर ऑक्सिजन जास्त येतो आणि श्वसन झाकले जाते, एवढेच. मुळांना तर उजेड कधीच मिळत नाही. त्यांच्यासाठी श्वसन हाच एटीपीचा मुख्य आधार असतो, आणि म्हणूनच जमिनीत पाणी साचून हवा कोंडली की अनेक पिकांची मुळे गुदमरतात.

प्रश्न : वेगाने धावताना ऑक्सिजन संपतो, लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, असे आमचे प्रशिक्षक सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : यातील लॅक्टिक आम्ल तयार होण्याचा भाग खरा आहे, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा नाही. ग्लुकोज तोडण्यासाठी इलेक्ट्रॉन उचलायला रिकामे एनएडी लागते. स्नायूंची एटीपीची मागणी एकाएकी वाढली की ग्लुकोज इतक्या वेगाने तुटते की तंतुकणिकांना भरलेले वाहक त्या वेगाने रिकामे करता येत नाहीत. त्यासाठी ऑक्सिजन पूर्ण संपावाच लागतो असे नाही. अशा वेळी पायरुव्हिक आम्ल स्वतःच ते इलेक्ट्रॉन घेते आणि त्याचे लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे शरीरातील रूप) होते; एनएडी मोकळे होते आणि काम चालू राहते. यात एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी मिळतात, पण झटपट मिळतात. यीस्टच्या पेशी हीच अडचण वेगळ्या मार्गाने सोडवतात आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतात. आपल्या तांबड्या रक्तपेशींत तर तंतुकणिकाच नसतात, त्यामुळे त्या आयुष्यभर याच पद्धतीवर जगतात.

लॅक्टेटला टाकाऊ पदार्थ समजणे मात्र त्याच्यावर अन्याय करणारे आहे. ग्लुकोजमधील बहुतांश ऊर्जा त्यात अजून शिल्लक असते. हृदयाचे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने ओळखले जाते. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर येते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायुतंतूंना झालेल्या बारीक इजांचे आणि त्यानंतर येणाऱ्या दाहाचे असते.

प्रश्न : वजन घटते तेव्हा चरबी घामावाटे जाते का? पेशींना जास्त इंधन जाळायला लावणाऱ्या गोळ्याही मिळतात, असे ऐकले. त्या घ्याव्यात का?

उत्तर : चरबीतील मेदाम्लांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे होऊन ते ॲसेटिल गटाच्या रूपाने त्याच क्रेब्ज चक्रात शिरतात, त्यामुळे शेवटही तोच : कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. १० किलो चरबीचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले, तर सुमारे ८.४ किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे आणि १.६ किलो पाणी होऊन बाहेर जाते. घाम हा त्याचा छोटासा वाटेकरी आहे. नुसता जोरजोरात श्वास घेऊन मात्र चरबी कमी होत नाही, कारण चक्राची गती एटीपीच्या गरजेवर ठरते.

गोळ्यांविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. डायनायट्रोफिनॉल हे रसायन प्रोटॉनना एटीपी सिंथेज टाळून पटलातून परत येऊ देते. साखळी वेगाने धावते, चरबी खर्च होते, पण एटीपी न बनता सगळी ऊर्जा उष्णता होते. नवजात बालकांच्या तपकिरी मेदपेशींत शरीर स्वतः असेच करून ऊब निर्माण करते, पण तेथे त्यावर चोख नियंत्रण असते. गोळीवर कोणतेच नसते. १९३० च्या दशकात अमेरिकेत हे रसायन वजन घटवण्यासाठी सर्रास वापरले गेले. काहींना मोतीबिंदू झाले, काहींचा शरीराचे तापमान आवरेनासे होऊन मृत्यू झाला आणि १९३८ मध्ये तेथे त्यावर बंदी आली. तरीही आजवर ते इंटरनेटवर वेगवेगळ्या नावांनी विकले गेले आहे आणि तरुणांचे त्यात प्राण गेले आहेत. त्याच्यावर उतारा नाही. ते घेतल्याचा नुसता संशय आला तरी ताप चढण्याची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट बरोबर ठेवून डॉक्टरांना दाखवावे.