एचबीएसएजी निगेटिव्ह आला, तरी जुनी हेपॅटायटिस बी बाद होत नाही

ऐरोलीच्या ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. बाबा ५८ वर्षांचे, दारूचा थेंब नाही, मधुमेह आहे, सोनोग्राफीत सिरोसिस (व्रणांनी लिव्हर कडक होणं), एचबीएसएजी (हेपॅटायटिस बीचा संसर्ग आत्ता आहे का, याची रक्तचाचणी) निगेटिव्ह आणि फाइलवर 'कारण अज्ञात'. १९९१ सालच्या काविळीमुळे हे झालं असेल का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण या रिपोर्टांशी बरीच वर्षं झटापट केली आहे.

ती कावीळ बहुधा गौण आहे. दूषित पाण्याची कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस ए किंवा ई, सहसा पुढे सिरोसिसवर जात नाही. मोठेपणी झालेली बी सुद्धा शंभरातल्या पंचाण्णव जणांची आपोआप जाते. घात करते ती जन्मताना किंवा अगदी लहानपणी लागलेली बी. ती बहुतेक बाळांच्या अंगात कायमची मुरते आणि तेव्हा कावीळ दिसतही नाही. अशा माणसाचा एचबीएसएजी कित्येक वर्षांनी आपोआप निगेटिव्ह होऊ शकतो. लिव्हरवर पडलेले व्रण मात्र मागे राहतात.

म्हणून अँटी-एचबीसी टोटल करा, बी पूर्वी कधी लागली होती का, हे ती रक्तचाचणी सांगते. 'टोटल' हा शब्द चिठ्ठीवर आणि लॅबच्या पावतीवर, दोन्हीकडे स्वतः वाचा. आमच्या घरी इथेच सहा महिने वाया गेले. लॅबने टोटलऐवजी अँटी-एचबीसी आयजीएम केली, ती निगेटिव्ह आली आणि 'हेपॅटायटिस बी नाही' असा शेरा पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत गेला. आयजीएम ताज्या संसर्गासाठी असते, जुन्या संसर्गात ती निगेटिव्ह येणारच! काउंटरवर विचारलं तर 'दोन्ही एकच' असं उत्तर मिळालं. एकच नाहीत. पावती हातात येताच तिथेच दुरुस्त करून घ्या, रक्त दिल्यावर कोणी ऐकत नाही.

टोटल पॉझिटिव्ह आली तर एचबीव्ही डीएनए (रक्तात बीचा विषाणू किती आहे, याची चाचणी) करा. सिरोसिस असताना डीएनए थोडा जरी सापडला तरी टेनोफोविर किंवा एन्टेकाविर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात. 'आकडा कमी आहे, थांबू' हा सल्ला सिरोसिस नसलेल्यांसाठी आहे. टोटल निगेटिव्ह आली तर बीचा संशय जवळजवळ मिटला. अँटी-एचबीएस (बीपासून संरक्षण देणाऱ्या अँटिबॉडीची चाचणी) एकटी करून काही कळत नाही, ती लशीनेही पॉझिटिव्ह येते.

बी सापडली तरी मधुमेह विसरू नका, त्यात लिव्हरमध्ये चरबी साठूनही सिरोसिस होतो आणि दोन कारणं एकत्र असू शकतात. सिरोसिस पुढे गेला की लिव्हरमधली चरबी कमी दिसते, त्यामुळे 'फॅटी नाही' या सोनोग्राफीच्या शेऱ्यावर जाऊ नका. अँटी-एचसीव्ही (हेपॅटायटिस सीसाठी), एएनए, आयजीजी (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटली आहे का, यासाठी) आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी) झालं नसेल तर करून घ्या.

हेपॅटायटिसचा सरकारी कार्यक्रम २०१८ पासून आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ठाणे सिव्हिलला चौकशी करा. गुळवेलीचा काढा चालू असेल तर आजच बंद करा. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी त्याने लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही नकोत. कारण काहीही निघो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्तचाचणी) चुकवू नका, कॅन्सर लवकर सापडतो तो यातच.

टोटल पॉझिटिव्ह निघाली तर बाबांच्या भावंडांची तपासणी आधी करा, कारण त्या सगळ्यांची आई तीच, आणि जन्मताना बी तिच्याकडूनच लागू शकते. मग तुमची आणि तुमच्या आईची. निगेटिव्ह असेल त्याला ०, १, ६ महिन्यांची लस.