गिनी फाउलच्या खुराड्यासाठी पॉलिसीवर कर्ज?

प्रश्न: गिनी फाउल (कोंबडीसारखे ठिपकेदार पक्षी) पाळणं आणि धार लावायचे नैसर्गिक दगड ओळखणं हे माझे छंद. आता 40 अंडी उबवायची आहेत आणि जुन्या दगडांचा एक लॉट घ्यायचाय. त्यासाठी पॉलिसीवर चार पगारांइतकं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी काढू का? दोन वर्षांत छंदातूनच फेडेन. पॉलिसी 20 वर्षांची, 6 हप्ते भरलेत. वर्षाचा हप्ता दोन पगारांइतका, विमा 18 हप्त्यांइतका, मुदतीअखेर साधारण 30 हप्ते मिळतील. आज मोडली तर 3. दुसरा विमा नाही, शिल्लकही नाही. दोन मुलं लहान आहेत.

उत्तर: कर्ज काढू नका.

40 अंड्यांतून 26-28 दिवसांनी 27 पिल्लं निघाली तरी छान म्हणायचं. पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. सुरुवातीच्या खाद्यात 24 टक्क्यांच्या वर प्रथिनं. जमीन गुळगुळीत असली की पाय फाकतात, ओल राहिली की पिल्लं मरतात, पाण्याच्या भांड्यात गोट्या टाकल्या नाहीत तर बुडतात. 20 जगली असं धरा. त्यांत माद्या 10, त्याही हंगामातच अंडी घालणार आणि झुडपांत लपवणार. यातून दोन वर्षांत कर्ज फिटेल हा हिशेब नव्हे, नवस आहे.

दगडांचा लॉट तर न बघता घेऊच नका. जुन्या दगडात तेल मुरलेलं असतं, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. तेल काढा, कोरडं वजन करा, मग पाण्यात लोंबकळत ठेवून पुन्हा करा. कोरड्या वजनाला दोन वजनांच्या फरकाने भागलं की घनता मिळते. व्हिनेगरच्या थेंबाने फसफसला तर तो चुनखडीच्या जातीचा, धारेला बहुधा निरुपयोगी. घासताना ओलाच घासा, सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. आणि ओळख पटली म्हणजे गिऱ्हाईक मिळालं असं नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. वर्षाला दोन पगार भरून घरच्यांना संरक्षण किती? 36 पगार, म्हणजे तीन वर्षं. कर्ज घेतलं की 32. ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारणाऱ्याने कमिशनचा हिशेब चोख केला, तुमच्या मुलांचा नाही. 20 हप्ते भरून 30 मिळणं म्हणजे वर्षाला पावणेचार टक्के. त्यावर साडेनऊने कर्ज!

पण रागाच्या भरात मोडूही नका. पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, तर 18 च्या विम्याचे 6/20 म्हणजे 5.4, अधिक आजवरचा बोनस 3.6 धरून, 14 वर्षांनी 9 हप्त्यांइतकी रक्कम मिळेल. आजच्या 3 चे 9, म्हणजे वर्षाला आठ टक्क्यांच्या वर. हप्ते चालू ठेवलेत तर पुढच्या 14 हप्त्यांचे 21 जादा मिळतात (30 वजा 9), म्हणजे सव्वापाच टक्केच पडतात. बोनसचा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कंपनीकडून पेड-अपची रक्कम लेखी मागवा.

क्रम चुकवू नका. आधी वार्षिक उत्पन्नाच्या 15 पट टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा). अर्जात आजार लपवायचे नाहीत. ती पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवायचा नाही, कारण पेड-अप झाली की तिचा विमाही घटतो. नंतर दरवर्षी सुटणाऱ्या दोन पगारांतून टर्मचा हप्ता जाईल आणि उरलेलं सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत बँकेत. खुराड्याचा खर्च त्यानंतर, आणि तोही 12 पिल्लांपुरता.