पाचवा-सहावा रिसीव्हर कॅच मोजून ठरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा ट्रेनिंग कॅम्प बघायला लॅट्रोबला जायचंय. यादीत अकरा-बारा वाइड रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) दिसतात, टिकणार पाच किंवा सहा. सरावात झेलांवर झेल घेणारा पोरगा ऑगस्टअखेर घरी जातो आणि ज्याच्याकडे चेंडू फारसा येतच नव्हता तो राहतो, असं का होतं? आणि कडेला उभं राहून नेमकं बघायचं काय?

आधी हिशोब मांडतो, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. कॅम्पला ९० खेळाडू असतात, हंगामाला ५३ उरतात. त्यातले किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर हे तिघे बाजूला काढा. उरलेले ५० ऑफेन्स (चेंडू पुढे नेणारे) आणि डिफेन्समध्ये (त्यांना अडवणारे) साधारण निम्मे-निम्मे वाटले जातात. ऑफेन्सच्या पंचवीसात नऊ लाइनमन, दोन-तीन क्वार्टरबॅक (पास फेकणारे), तीन-चार रनिंग बॅक, तीन-चार टाइट एंड गेले की रिसीव्हरसाठी पाच-सहा जागा राहतात. पण सामन्याच्या दिवशी ५३ पैकी ४८ जणच गणवेश घालतात, तेही किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन त्यात असतील तर, नाहीतर ४७. म्हणजे सहावा रिसीव्हर बहुतेक रविवारी साध्या कपड्यांत उभा, आणि पाचवा गणवेशात असला तरी ऑफेन्समध्ये त्याचा नंबर क्वचितच लागतो. मग त्याला मैदानात न्यायचं कशासाठी? स्पेशल टीम्ससाठी, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या खास तुकड्यांसाठी. क्रिकेटमध्ये सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाला चार षटकं टाकता यायलाच हवीत, तसंच हे आहे.

त्यामुळे पाचव्या जागेची खरी स्पर्धा रिसीव्हर-रिसीव्हरमध्ये नसतेच. ती डिफेन्समधल्या राखीव माणसांशी असते: सहाव्या कॉर्नरबॅकशी (कडेला रिसीव्हरला अडवणारा), चौथ्या सेफ्टीशी (सगळ्यात मागचा रक्षक), राखीव लाइनबॅकरशी. किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), किक रिटर्न, पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देणं) आणि पंट रिटर्न या चार तुकड्यांपैकी किमान तीनांत ज्याचं नाव पहिल्या फळीत आहे, त्याला कापताना कोचला चारदा विचार करावा लागतो. न्यू इंग्लंडचा मॅथ्यू स्लेटर २००८ मध्ये ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पाचव्या फेरीत रिसीव्हर म्हणूनच आला होता. उभ्या कारकिर्दीत त्याने एकच कॅच घेतला, आणि प्रो बोलला, म्हणजे निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, दहा वेळा निवडला गेला. खुद्द स्टीलर्समध्ये अँटोनियो ब्राउन २०१० मध्ये सहाव्या फेरीतला होता. त्याच्या पहिल्याच सामन्यात सलामीची किक त्याने ८९ यार्ड परत आणून टचडाउन केला. मोठा रिसीव्हर तो नंतर झाला. मैदानात शिरायचं दार रिटर्नचं होतं.

म्हणून लॅट्रोबला गेल्यावर स्पेशल टीम्सचा सराव सुरू झाला की लोक पाणी प्यायला जातात, तेव्हा तुम्ही जाऊ नका. सगळ्यात जास्त कळतं ते त्याच वेळात.

पंटच्या फळीत दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो, तो गनर. एनएफएलच्या नियमाप्रमाणे पंटच्या बाजूने फक्त ही टोकाची माणसं स्नॅपबरोबर (प्ले सुरू करायला चेंडू मागे दिला जाताच) सुटू शकतात. बाकीच्यांना किक होईपर्यंत रेषेच्या मागे थांबावं लागतं. म्हणजे चांगला पंट हवेत साधारण साडेचार सेकंद असतो तेवढ्यात चाळीसेक यार्ड खाली पोचायचं काम गनरचं, आणि समोर त्याला अडवायला एक, कधी दोन माणसं. इथे पळण्याच्या वेगापेक्षा पहिली दोन पावलं बघा. जो हलत्या पायांनी, खांदा वळवून समोरच्याचे हात झटकतो तो निसटतो. जो सरळ छातीवर जातो तो तिथेच अडकतो. दुसरी चूक शेवटच्या पाच यार्डांत होते: पूर्ण वेगात येऊन रिटर्नरच्या बाजूने निघून जाणं. चांगला गनर तिथे पावलं आखूड करतो, रिटर्नरला बाहेरून आत, आपल्या माणसांकडे वळायला भाग पाडतो. धक्का न लागता कडेच्या रेषेबाहेर पळत सुटला तर दंड होतो, तेही लक्षात ठेवा.

पंट रिटर्नच्या वेळी चेंडू घ्यायला कोण कोणत्या क्रमाने उभं राहतं ते लिहून घ्या. इथे किती यार्ड काढले यापेक्षा चेंडू सुटला का, हे शंभरपट महत्त्वाचं. सुटलेला पंट म्हणजे समोरच्याला आयता चेंडू, आणि त्या एका चुकीवर जागा जाते. सर्वसाधारण शिस्त अशी की टाचा आपल्या १० यार्डांच्या रेषेवर ठेवायच्या आणि डोक्यावरून मागे जाणारा चेंडू सोडून द्यायचा. दबावाखाली जो मागे धावत ४ यार्डांवर चेंडू पकडतो, त्याच्याबद्दल कोचचं मत तिथल्या तिथे बदलतं.

किकऑफचा नियम २०२४ पासून बदलला आणि या जागांची किंमतही त्याबरोबर बदलली. किक मारणाऱ्यांची दहा माणसं आता समोरच्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभी असतात, अडवणारे ३० ते ३५ च्या पट्ट्यात, आणि चेंडू पडेपर्यंत किंवा कुणी पकडेपर्यंत कुणी हलायचं नाही. टचबॅक (किक परत न आणता मिळणारी सुरुवातीची जागा) २०२४ मध्ये ३० वर मिळायचा, २०२५ पासून ३५ वर, त्यामुळे किक मैदानातच पाडण्याकडे कल वाढला. जुन्या पद्धतीत लांबून धावत येणाऱ्या वेगवान पोराचा उपयोग होता. आता अंतर पाच-दहा यार्डांचं असल्याने लागतं ते जवळून हात टाकणं, सुटणं आणि टॅकल करणं. माझ्या मते यामुळे दणकट, सव्वासहा फुटी रिसीव्हरला थोडा फायदा झाला आणि निव्वळ रिटर्नर असलेल्यालाही, कारण मागे आता दोघे उभे राहू शकतात.

आता चेंडू फेकण्याच्या सरावाकडे. वन-ऑन-वन ड्रिल बघून फसू नका. तिथे क्वार्टरबॅकवर कुणी धावून येत नाही, कॉर्नरबॅकला सेफ्टीची मदत नाही, सगळं मैदान रिसीव्हरचं. तिथे रिसीव्हर जिंकणारच. त्यात बघायचं ते एवढंच की कॉर्नर तोंडाशी येऊन उभा राहिला, तर रिसीव्हर पहिल्या यार्डात सुटतो का. पाच यार्डांपर्यंत कॉर्नरला हात लावायची मुभा असते, आणि कॉलेजमधून आलेल्या बऱ्याच पोरांना एवढं दाबून खेळणारे कॉर्नर रोज भेटलेले नसतात.

कॉलेजमधून येताना आणखी दोन गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. कॉलेजात एक पाय आत पडला तरी कॅच धरतात, इथे दोन्ही पाय लागतात. कडेच्या रेषेपाशी मागचा पाय घासत आत ठेवायची सवय आहे की नाही, हे तुम्हाला दहा फुटांवरून दिसेल. दुसरं, हॅश मार्क, म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा, ज्यांच्यावर किंवा ज्यांच्यामध्ये चेंडू ठेवून प्ले सुरू होतो. कॉलेजमध्ये त्यांच्यात ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा. कॉलेजात एका बाजूला भलं मोठं मोकळं रान मिळतं, इथे चेंडू नेहमी मध्याच्या आसपास ठेवला जातो. त्यामुळे किती रुंद उभं राहायचं याचं गणित नव्याने शिकावं लागतं. खोल धावताना कडेला चिकटून पळालं तर क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला जागाच राहत नाही. कडेपासून साधारण ५ यार्ड राखायचे असतात. बुजरा रिसीव्हर कॉर्नरच्या धक्क्याने हळूहळू रेषेकडे सरकत जातो. ते कॅचच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही, टेपवर मात्र लख्ख दिसतं.

अंतराची शिस्तही तशीच. १२ यार्डांवर कडेकडे वळायचा आउट रूट दहावर तोडला तर पोरगा मोकळा दिसेल, प्रेक्षक टाळ्याही वाजवतील, पण क्वार्टरबॅक रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू सोडत असतो. दोन यार्डांचा फरक पडला की चेंडू आणि माणूस एका जागी येत नाहीत आणि कॉर्नर मधे शिरतो. अशी चूक दोनदा झाली की क्वार्टरबॅक त्या पोराकडे बघणं सोडतो. ‘त्याला चेंडूच मिळाला नाही’ अशा कितीतरी तक्रारींचं मूळ इथे असतं.

उभं राहण्याच्या जागाही नीट ओळखा. एक्स रेषेवर उभा असतो, त्याला मोशनमध्ये (स्नॅपआधी आडवं) फिरता येत नाही, म्हणून दाबून खेळणाऱ्या कॉर्नरला तो एकटाच तोंड देतो. झेड रेषेच्या मागे, आणि स्लॉट आतल्या बाजूला. चौथ्या-पाचव्या माणसाला किमान दोन जागा तोंडपाठ हव्यात, तिन्ही असतील तर उत्तम, कारण सामन्यात कुणीही जखमी झाला तरी आत तोच जाणार. प्लेच्या आधी बाहेरचा रिसीव्हर कडेच्या पंचाकडे बघून हात पुढे करतो. मी रेषेवर आहे की मागे, हे तो विचारत असतो, आणि पंच खुणेने सांगतो. चुकून रेषेवर उभं राहून आतल्या टाइट एंडला झाकलं, तर त्या टाइट एंडला पासच घेता येत नाही. जो पोरगा दर वेळी न विसरता ही खूण करतो, त्याने प्लेबुक पचवलंय असं खुशाल समजा. जो शेजाऱ्याकडे बघून जागा बदलतो, तो अजून पाठांतरात अडकलाय.

हातांबद्दल एक ओळ पुरे: छातीच्या वरचा चेंडू अंगठे जवळ आणून, कमरेखालचा करंगळ्या जवळ आणून, अंगावर घेऊन कवटाळणारा पुढे चेंडू सोडणार.

ब्लॉकिंग मात्र मन लावून बघा. रनच्या प्लेत रिसीव्हर कॉर्नरवर धावत जातो, दोन-तीन यार्डांवर पावलं आखूड करतो आणि हात त्याच्या छातीच्या चौकटीत ठेवून पाय हलते ठेवतो. हात बाहेर गेले, खांद्याचं कापड पकडलं की १० यार्डांचा दंड. मुख्य कोच माइक टॉमलिन यांच्या काळात स्टीलर्सचा संघसराव ‘सेव्हन शॉट्स’ने सुरू व्हायचा: गोलरेषेपासून २ यार्डांवरून सात प्ले. तिथे वेगाला जागाच नसते, त्यामुळे सुटणं, ब्लॉक आणि डोकं एवढंच दिसतं. असा सराव बघायला मिळाला तर तो सोडू नका.

प्रीसीझनच्या (हंगामाआधीच्या सराव सामन्यांच्या) आकड्यांचं काय? कोणाविरुद्ध आणि कितव्या क्वार्टरमध्ये, हे आधी विचारा. चौथ्या क्वार्टरमधले कॉर्नर बहुतेक पुढच्या आठवड्यात स्वतःच बेकार होणारे असतात. तरीही दार पूर्ण बंद नाही. व्हिक्टर क्रूझ २०१० मध्ये ड्राफ्ट न होता जायंट्सकडे आला आणि जेट्सविरुद्धच्या प्रीसीझन सामन्यात ६ कॅच, १४५ यार्ड आणि ३ टचडाउन करून राहिला. पुढच्याच वर्षी त्याने १,५३६ यार्ड काढले. अॅडम थिलन २०१३ मध्ये मिनेसोटात नुसत्या चाचणीवर आला, वर्षभर प्रॅक्टिस स्क्वॉडवर (५३ बाहेरच्या सरावाच्या तुकडीत) राहिला आणि २०१४ मध्ये स्पेशल टीम्सवरून वर चढला. दुसरा रस्ता पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त चालीचा आहे.

खेळापलीकडचा भाग कडू वाटतो, पण तो समजून घ्यायलाच हवा. तिसऱ्या फेरीपर्यंतच्या नवख्याला पहिल्या वर्षी सहसा हात लावत नाहीत. त्याच्यावर खर्च केलेली निवड आणि बोनस दोन्ही वाया जातात. सातव्या फेरीतल्या किंवा ड्राफ्ट न झालेल्या पोराला ते कवच नसतं. शिवाय चारपेक्षा कमी हंगाम जमा झालेल्याला सोडलं की तो वेव्हर्सवर जातो आणि इतर ३१ संघांना त्याला उचलता येतं, आदल्या हंगामात तळाला राहिलेल्यांना आधी. चार हंगाम झालेला अनुभवी माणूस या काळात थेट मोकळा होतो. म्हणून संघ कधीकधी शब्द देऊन अनुभवी रिसीव्हरला एक दिवस सोडतात, तरुणाला ५३ मध्ये लपवतात, दुसऱ्या दिवशी दुखापतग्रस्तांना जखमी यादीत टाकून अनुभवी माणसाला परत घेतात. २०२४ पासून दोन जणांना कटच्या (यादी ५३ वर आणण्याच्या) दिवशीच, परत येण्याची मुभा ठेवून जखमी यादीत टाकता येतं. त्यांना किमान चार सामन्यांना मुकावं लागतं. तुमच्या लाडक्या पोराला कापलं म्हणजे संघाला तो नको होता असं नाही. तो वेव्हर्समधून कुणी न उचलता सुटेल, असा त्यांचा अंदाज असू शकतो.

तसा सुटला तर १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर येतो. तिथून दर सामन्याला दोघांना वर घेता येतं, एकाच खेळाडूला हंगामात तीनदा. पैशाचा फरक मोठा आहे: २०२५ मध्ये ५३ मधल्या नवख्याला वर्षाला किमान ८,४०,००० डॉलर, प्रॅक्टिस स्क्वॉडवर आठवड्याला १३,०००.

जाताना छापील यादी बरोबर ठेवा. ९० जणांमुळे कॅम्पमध्ये एकच क्रमांक ऑफेन्स आणि डिफेन्समधल्या दोघांच्या पाठीवर असू शकतो आणि गनर बघताना हमखास घोटाळा होतो. प्रत्येक रिसीव्हरच्या नावापुढे चार तुकड्यांचे चार रकाने आखा, कितव्या फळीत उभा राहिला तो आकडा टाका. पॅड घालून सराव पहिले काही दिवस होत नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यानंतरची तारीख घ्या आणि जमलं तर दोन वेगवेगळे दिवस. पंटच्या रकान्यात गनर म्हणून दोनाचा एक झाला असेल, म्हणजे दुसऱ्या फळीतून पहिल्या फळीत आला असेल, तर ती त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी.

कटची मुदत ऑगस्टअखेरच्या मंगळवारी तिकडच्या दुपारी ४ ची, म्हणजे भारतात जागून बघणाऱ्यांना बुधवारी पहाटे १.३०. वेव्हर्सचे दावे दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला, आपल्याकडे रात्री ९.३० ला संपतात, आणि प्रॅक्टिस स्क्वॉडची नावं त्यानंतर येऊ लागतात. तुमचा पोरगा ५३ मध्ये दिसला नाही तर रात्रीची ती यादी बघा.