आधी शिडीला शिडी म्हण

प्रिय पोरी,

एका फोटोवरचा तुझा निबंध मिळाला, एकदा मोबाईलवर वाचला आणि मग काल रात्री चष्मा शोधून मोठ्या स्क्रीनवर परत वाचला, म्हणून उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. भाषा छान आहे तुझी. पण एक सांगू का, त्यात मला फोटोच दिसेना. "पाणी म्हणजे अवचेतन मन, शिडी म्हणजे महत्त्वाकांक्षा, घड्याळ म्हणजे मृत्यू, काळा रंग म्हणजे निराशा." अगं, पूर्वी एसटी स्टँडवर स्वप्नफलाची पुस्तकं मिळायची, साप दिसला तर धनलाभ, दात पडला तर घरात काहीतरी वाईट, तसं वाटलं मला ते वाचताना. हेच चार अर्थ पाणी, शिडी, घड्याळ आणि काळा रंग असलेल्या दुसऱ्या कुठल्याही फोटोला चिकटवता येतील, आणि जे सगळीकडे चिकटतं ते या फोटोबद्दल काहीच सांगत नाही.

आता तू निवडलेला फोटो घेऊनच बोलू. निवड उत्तम आहे. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ, पॅरिस, १९३२, सँ लाझार स्टेशनच्या मागची बाजू. डबक्यावरून उडी मारणारा माणूस. हा फोटो इतक्या वेळा छापलाय की लोक तो बघतच नाहीत, "हो हो, उडीवाला" म्हणतात आणि पुढे जातात. तूही थोडं तसंच केलंयस. तू उडी बघितलीस आणि बाकीचं सामान तिच्यासाठी आणून ठेवलंय असं धरून चाललीस.

माझं म्हणणं एवढंच की अर्थ लावायच्या आधी यादी कर. किराणा दुकानदार टेम्पोतून उतरलेला माल वहीत लिहून घेतो ना, तशी. शिडीला शिडीच म्हण, महत्त्वाकांक्षा नंतर. मी करतो, तू फोटो समोर धर. साचलेलं पाणी, बरंच, जवळजवळ अर्धी फ्रेम. पाण्यात आडवी पडलेली शिडी. तिच्याभोवती तरंग. धातूच्या पट्टीसारखे अर्धगोल तुकडे, पिंपाला बाहेरून कडं असतं तसे. खडी-मातीचा ढीग. मागे लोखंडी कुंपण, त्याच्या गजांचं पाण्यात प्रतिबिंब. कुंपणामागच्या भिंतीवर पोस्टरं. त्याच्याही मागे धुरकट छपरं आणि घड्याळाचा मनोरा. आणि उजवीकडे तो माणूस, जवळजवळ नुसती सावलीच, थोडा हललेला, टाच पाण्याला लागणार एवढ्यात. आणि त्याच्या खाली तोच उलटा.

आता यादीत बघ काय काय दोनदा आलंय. गंमत इथे आहे. माणूस दोनदा, एकदा हवेत आणि एकदा पाण्यात. कुंपण दोनदा. आणि उडीसुद्धा दोनदा, हे तुझ्या निबंधात कुठेच नाहीये! मागच्या पोस्टरवर बघ, डावीकडे, एक नाचणारी आकृती झेप घेतेय, अगदी तशीच पाय ताणून, फक्त उलट्या दिशेला. हा उजवीकडे चाललाय, ती डावीकडे. ती सुबक, हलकी, पोस्टरवरची, आणि हा बिचारा कुठेतरी घाईत निघालेला, बूट भिजणारच आहेत हे माहीत असलेला. माझ्या मते फोटोचं सगळं मर्म या जोडीत आहे. माणसाची उडी एकटी असती तर ती नुसती चपळाई झाली असती, पोस्टरमुळे ती त्या नाचाची ओबडधोबड नक्कल होते, आणि मग हसूही येतं आणि थोडं वाईटही वाटतं. हे वाटणं कुठल्या शब्दकोशातून आलं नाही, फ्रेममधल्या दोन गोष्टी एकमेकींकडे बघतायत म्हणून आलं. प्रतीक म्हणजे मला एवढंच कळतं, वस्तूत ते नसतं, दोन वस्तूंच्या मधे असतं.

त्याच भिंतीवर अक्षरंही आहेत, वाचलीस का? "रेलोव्स्की" असं दिसतं. ब्रायलोव्स्की नावाचा पियानोवादक होता, त्याच्या कार्यक्रमाची जाहिरात, पण पहिलं अक्षर गेलंय आणि उरलं काय तर रेल, तेही रेल्वे स्टेशनच्या मागे. हे कोणी ठरवून केलेलं नाही. पण फोटोत आहे, मग ते वाचायचं की नाही? मी वाचतो. फक्त "फोटोग्राफरला असं म्हणायचंय" असं लिहीत नाही, "फोटोत असं घडलंय" असं लिहितो. हा फरक छोटा वाटतो पण निम्म्या निबंधांची वाट तिथेच लागते.

आणि फोटोग्राफरला काय म्हणायचं होतं या प्रश्नाचं तर या फोटोत भलतंच होतं. तिथे काहीतरी दुरुस्ती चालली होती, भोवती फळ्यांचं कुंपण, आणि हा बाबा दोन फळ्यांच्या फटीतून लाइका, म्हणजे त्याचा छोटा कॅमेरा, घालून बघत होता. फट लेन्सपेक्षा अरुंद, त्यामुळे डावीकडे फळी आली आणि ती नंतर कापावी लागली. कार्तिए-ब्रेसाँ फोटो कापायच्या ठाम विरोधात, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो म्हणजे त्या नियमाचा अपवाद! शिवाय लाइकाचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, लेन्सच्या वर वेगळा असतो, लेन्स फटीत बसली तरी डोळ्यासमोर फळी येऊ शकते. तो स्वतः या फोटोचं श्रेय नशिबाला द्यायचा. म्हणजे पोस्टर, उडी, आडनाव, हे सगळं त्या क्षणी जुळवून त्याने बटण दाबलं असं मानायचं काही कारण नाही. पण तो तिथे उभा होता, त्या फटीपाशी, आणि नंतर निगेटिव्हवर हे ओळखलं, प्रिंट केलं. तो चित्रकलेत तयार झालेला, आंद्रे लोत नावाच्या चित्रकाराकडे शिकलेला, नशीब अशा माणसाकडे आलं तर ते त्याला दिसतं तरी.

माझीच एक फजिती सांगतो. खूप वर्षांपूर्वी आमच्या छोट्या प्रदर्शनात माझा एक फोटो होता, भर दुपारी लक्ष्मी रोडवर फळवाला, आणि वर कोपऱ्यात एक काळपट डाग. एक बाई पंधरा मिनिटं त्या डागाबद्दल बोलल्या, संकट घोंगावतंय वगैरे. तो डाग म्हणजे डेव्हलपरमध्ये, फिल्म धुवायच्या रसायनात, मी ती नीट हलवली नव्हती. मी हसू दाबून ऐकत होतो. पण घरी येऊन प्रिंट पाहिली आणि अंगठ्याने तो डाग झाकला, तर फोटो पार सपाट झाला. बाईंचं संकट चुकलं असेल, पण नजर चुकली नव्हती. तेव्हापासून मी कोणाच्या अर्थाला लगेच हसत नाही, आधी अंगठा ठेवून बघतो. तूही कर, फोटोतली एकेक गोष्ट झाकायची आणि काय बिघडतं ते बघायचं. या फोटोत घड्याळाचा मनोरा झाकून बघ. माझ्या डोळ्याला फारसं काही बिघडत नाही, म्हणून तुझं "घड्याळ म्हणजे मृत्यू" मला ओढूनताणून वाटलं. पण शिडीभोवतीचे तरंग झाक, मग कळेलच. तरंग म्हणजे तो आत्ताच, या घटकेला, शिडीवरून सुटलाय. आणि त्याच्या टाचेखालचं पाणी अजून आरशासारखं शांत. एक आरसा मोडलाय, दुसरा आता मोडणार. वेळ बघायची तर ती त्या दोन पाण्यांच्या मधे आहे.

तू लिहिलंयस की हा माणूस युरोपच्या युद्धात झेप घेतोय. १९३२ मध्ये १९३९ कसं माहीत असणार गं त्याला? आपल्याला पुढचं माहीत असतं म्हणून आपण मागचे फोटो भविष्य सांगतायत असं समजतो. मागे जायचंच असेल तर पलीकडे जा. याच स्टेशनची मोनेने १८७७ मध्ये चित्रं काढली, वाफ, लोखंड, काचेचं छप्पर, नव्या युगाचा सगळा थाट. पंचावन्न वर्षांनी हा त्याच स्टेशनच्या मागे जातो आणि डबकं, खडी, फाटकी पोस्टरं दाखवतो. त्याला ती चित्रं आठवली असतील की नाही हे सोड, तू दोन्ही शेजारी ठेव, "स्टेशनच्या मागे" या नावातल्या "मागे"ला वजन येतं की नाही बघ.

आता दुसरं टोक. काही फोटोंना नुसती यादी पुरत नाही, बाहेरचं माहीत असावं लागतं. रॉबर्ट फ्रँकचा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या ट्रामचा फोटो बघ, नोव्हेंबर १९५५. ट्रामच्या खिडक्या एका ओळीत, पुढच्या खिडक्यांत गोरी माणसं, दोन गोरी मुलं, मागच्या खिडक्यांत काळा पुरुष आणि काळी बाई. आकार म्हणून बघितलं तर छान चौकटी आहेत, पांढऱ्या उभ्या पट्ट्या आहेत, संपलं. पण तिथे कायद्याने काळ्यांनी मागे बसायचं हे कळलं की त्या पट्ट्या गजांसारख्या दिसायला लागतात. चौकट तीच, पण तिला आता कायद्याचं नाव आहे. फोटोनंतर काही आठवड्यांतच, १ डिसेंबरला, माँटगोमेरीत रोझा पार्क्स या काळ्या बाईने बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला, आणि न्यू ऑर्लिन्सच्या ट्रामवरचा तो भेद १९५८ मध्ये गेला. इथे काळा-पांढरा हा निव्वळ रंग नाही, कायदाच काळा-पांढरा होता. हे मी म्हणू शकतो कारण खिडक्यांच्या क्रमात ते दिसतंय. तुझं "काळा म्हणजे निराशा" तसं कुठे दिसतं ते मला दाखव, मग मानतो. सँ लाझारच्या फोटोत काळं म्हणजे मुख्यतः माणसाची कडा स्पष्ट दिसावी याची सोय आहे, फिकट आकाश, फिकट पाणी, मधे तो.

हललेल्या आकृत्यांबद्दलही तू घाई केलीस, "धूसर म्हणजे अस्थिर अस्मिता". रघु राय यांचा १९९५चा चर्चगेट स्टेशनचा फोटो आठव, शटर सावकाश ठेवलंय, लोकलची गर्दी धुरासारखी वाहतेय आणि मधे काही जण पेपर वाचत शांत बसलेत. तिथे धूसरपणा गर्दीचा आहे आणि स्थिर माणसं नवलाची वाटतात. पॅरिसमध्ये उलटं, सगळं जग थांबलंय आणि एकटा माणूस हललाय. एकच खूण, दोन फोटोंत दोन कामं. म्हणून म्हणतो, आधी विचार इथे ती काय करतेय.

एक करून बघ, थोडं बालिश वाटेल. फोटोची प्रिंट काढ, ए-फोर चालेल, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेव आणि फक्त गडद आकार पेन्सिलीने गिरव, चेहरे-बिहरे नाही. मग प्रिंट उलटी धर. प्रतिबिंबांचा फोटो उलटा धरला की डोकं गोंधळतं आणि डोळे कामाला लागतात. मी डार्करूममध्ये असताना प्रिंट नेहमी उलटी बघायचो, आमचे उस्ताद शिव्या द्यायचे आधी, नंतर तेही बघायला लागले.

निबंध पूर्ण नव्याने नको लिहूस, पाण्याचा परिच्छेद ठेव, त्यात "थांबलेला आरसा" हे तुझं वाक्य चांगलं आहे, त्याच्यासाठीच मी एवढं लांबण लावलं. बाकीचं रविवारी घेऊन ये, अकरानंतर, त्याआधी लाइट जातो आमच्याकडे. आणि हो, कुंपणापाशी दूर एक माणूस उभा आहे, बारीक, गडद, हातभर लांबीच्या प्रिंटवरही जेमतेम दिसेल असा. तुझ्या यादीत तो आलाच नाही आणि माझ्याही वरच्या यादीत नाही, आत्ता परत बघितलं तेव्हा दिसला. तो उडी बघतोय की त्याला पत्ताच नाही? त्याच्यावर अंगठा ठेवून बघ आणि ये.

तुझा,
काका